पापणी कधी लवते, कधी थांबते

माणूस अवघड कामात गढला की त्याच्या पापण्या जास्त लवतात की कमी? प्रश्न साधा वाटतो आणि मोजणीही सोपी वाटते. समोर बसायचे, घड्याळ लावायचे आणि मोजायचे. तरीही जवळजवळ शंभर वर्षे या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे शास्त्रीय नियतकालिकांत येत आहेत. काही प्रयोग सांगतात, मेंदूवर ताण आला की पापण्या भराभर लवतात. तितक्याच काटेकोर दुसऱ्या प्रयोगांचे म्हणणे, ताण वाढला की पापण्या थबकतात. दिव्याचा उजेड, छपाईची अक्षरे, संगणकाचा पडदा यांच्या परिणामाबद्दलही असेच दोन तट आहेत. हा गुंता कसा तयार झाला, त्यातला किती उकलला आणि किती शिल्लक आहे, याचा हा आढावा.

गरजेपेक्षा जास्त

पापणी तीन तऱ्हांनी मिटते. डोळ्यासमोर एकदम काही आले, धूळ गेली किंवा मोठा आवाज झाला की मिटते ती प्रतिक्षिप्त. आपण ठरवून मिटतो ती ऐच्छिक. तिसरी तऱ्हा कोणत्याही दिसणाऱ्या कारणाशिवाय, आपल्या नकळत दिवसभर चालू असते. संशोधकांचे भांडण या तिसरीवरच आहे. वरची पापणी उचलून धरणारा स्नायू क्षणभर सैल पडतो, डोळ्याभोवतीचा गोल स्नायू आकसतो आणि सेकंदाच्या एक दशांश ते चार दशांश इतक्या वेळात सगळे आटोपते.

शाळेत आपण शिकतो की यामुळे डोळा ओला राहतो. ते खरेच आहे. प्रत्येक वेळी पापणी कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, अश्रूंचा पातळ थर नव्याने पसरवते. पण निरोगी डोळ्यावर हा थर दहा सेकंदांहून अधिक काळ अखंड टिकतो. त्या हिशेबाने मिनिटाला पाच-सहा वेळा पापणी लवली तरी पुरे. प्रत्यक्षात स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. उलट तान्ह्या मुलांच्या पापण्या मिनिटाला जेमतेम दोन-तीन वेळा लवतात आणि त्यांचे डोळे काही कोरडे पडत नाहीत. मग मोठ्यांची ही वरकड उघडझाप कशासाठी? या विषयावरचे बहुतेक संशोधन याच प्रश्नातून निघाले आहे.

पापणीचा संबंध केवळ डोळ्याच्या ओलाव्याशी नाही, ही जाण जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वातल्या नलोपाख्यानात नळाचे रूप घेऊन बसलेल्या देवांमधून दमयंती खऱ्या नळाला ओळखते. ज्या खुणांवरून ती ओळखते त्यांत एक आहे पापणीची. देवांची पापणी लवत नाही, माणसाची लवते.

रोममधल्या एका अभ्यासात १९९७ साली दीडशे निरोगी व्यक्तींची मोजणी झाली. स्वस्थ बसलेले असताना सरासरी मिनिटाला १७, बोलताना २६ आणि वाचताना साडेचार. माणूस तोच, खोली तीच, हवा तीच. बदलले ते फक्त काम. एवढ्याने आकडा सहापट बदलत असेल तर कारण कॉर्नियात शोधून भागणार नाही. ग्लासगोचे मायकेल डाउटी यांनी २००१ साली आधीचे अहवाल एकत्र मांडले, तेव्हाही वाचन, समोर शांत पाहणे आणि संभाषण अशा तीन वेगवेगळ्या पट्ट्या दिसल्या. वाचताना साधारण १ ते १४, नुसते समोर पाहताना ८ ते २१, बोलताना १० ते ३२. पट्ट्या वेगळ्या आहेत, पण किती रुंद आहेत तेही पाहावे. दोन निरोगी माणसांत इतका फरक असू शकतो, ही गोष्ट पुढे वारंवार आडवी येते.

एडिनबरोचे प्रयोग

आधुनिक वादाची सुरुवात १९२७ साली होते. एडिनबरोचे एरिक पाँडर आणि डब्ल्यू. पी. केनेडी यांनी पापणी लवण्यामागची प्रचलित कारणे एकेक करून तपासली. हवा दमट केली तरी दर बदलेना. अंधारात बसवले तरी पापण्या लवतच राहिल्या. कोकेनचे थेंब घालून कॉर्निया बधिर केला तरी त्या थांबल्या नाहीत. अंध व्यक्तींच्या पापण्याही लवतात, हेही त्यांनी नोंदवले. म्हणजे कोरडेपणा हे कारण पुरत नाही आणि उजेडाने शिणलेले दृष्टिपटल हेही नाही. उरतो मेंदू. पापणीचा दर हा ‘मानसिक तणावा’चा निर्देशक आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. न्यायालयात प्रतिपक्षाच्या वकिलाची उलटतपासणी सुरू झाली की साक्षीदाराच्या पापण्या जास्त लवू लागतात, हे निरीक्षण त्यांनी पुराव्यादाखल दिले.

या संशोधनाचे मोल मोठे आहे. पापणीला त्यांनी नेत्रवैद्यकातून मानसशास्त्रात आणले. पण ‘मानसिक तणाव’ या एका शब्दयोजनेत त्यांनी भीती, राग, एकाग्रता, आठवण्याचा प्रयत्न आणि बोलणे हे सगळे कोंबले. साक्षीदार घाबरलेला असतो, विचार करत असतो आणि बोलतही असतो. बोलण्यानेच दर वाढतो, हे रोमच्या आकड्यांत आपण पाहिले. १९३३ साली टेलफर्ड आणि थॉम्पसन यांना दिसले की तोंडी हिशेब करताना पापण्या जास्त लवतात आणि वाचताना कमी. दोन्ही कामांना डोके लागते, तरी दिशा उलट. वादाचे बीज इथे पडले होते, पण ते ओळखायला पुढची कित्येक वर्षे जावी लागली.

दिवा, टाइप आणि पापणी

दरम्यान वाद भलत्याच अंगणात पेटला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रकाश-संशोधन प्रयोगशाळेत मॅथ्यू लकीश आणि फ्रँक मॉस ‘पाहण्याचे शास्त्र’ उभारत होते. पाहणे सुकर आहे की कष्टाचे, हे मोजायला त्यांना एक माप हवे होते. वाचकाला विचारून उपयोग नाही, कारण तो सवयीने कष्ट विसरतो. वाचनाचा वेगही पुरेसा नाही, कारण वाचक नेट लावून वेग टिकवतो. पापणी मात्र नकळत लवते, म्हणून ती खरे सांगेल, असा त्यांचा युक्तिवाद. त्यांच्या मोजणीत उजेड कमी, टाइप बारीक, दिव्याची चकाकी डोळ्यांवर किंवा चष्मा चुकीचा असला की वाचताना पापण्या जास्त लवत. १९४२ सालच्या ‘रीडिंग अ‍ॅज अ व्हिज्युअल टास्क’ या ग्रंथात हे माप त्यांच्या मांडणीचा मोठा आधार आहे.

विरोध आला मिनेसोटा विद्यापीठाच्या माइल्स टिंकर यांच्याकडून. टिंकर १९२० च्या दशकापासून डोनाल्ड पॅटरसन यांच्यासह छपाईच्या सुवाच्यतेवर काम करत होते. टाइपाचा आकार, ओळीची लांबी, दोन ओळींतले अंतर यांचा वाचनवेगावर काय परिणाम होतो याच्या शेकडो तुलना त्यांच्याकडे होत्या. १९४६ साली त्यांनी लिहिले की ज्या बदलांमुळे वाचनाचा वेग निश्चित घटतो, तिथेही उघडझापेचा दर भरवशाने बदलत नाही. बिटरमन यांनाही प्रकाश आणि टाइप बदलून असाच नकारात्मक निष्कर्ष मिळाला. लकीश यांनी १९४७ साली उत्तर दिले: मोजण्याची पद्धत वेगळी, वाचकाला प्रयोगाची जाणीव करून दिलेली, म्हणून फरक पुसला गेला. त्याच वर्षी कारमायकल आणि डिअरबॉर्न यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना सलग सहा तास वाचायला लावून डोळ्यांच्या हालचालींच्या विद्युत नोंदी घेतल्या. इतक्या दीर्घ वाचनानंतरही मोठा बिघाड आढळला नाही.

या वादात लकीश हे दिवे विकणाऱ्या कंपनीचे नोकर होते, हे त्या काळीही बोलले गेले. त्यावरून त्यांची मोजणी खोटी ठरवता येत नाही. तिची छाननी जास्त कडक व्हावी एवढेच म्हणता येते, आणि ती झाली. माझ्या वाचनात टिंकर यांची बाजू पुराव्याने जड आहे. तरीही लकीश यांचा मूळ विचार पूर्ण टाकाऊ नाही. अस्वस्थ करणारी चकाकी किंवा चुकीचा चष्मा डोळ्याच्या पृष्ठभागावर आणि पापणीच्या स्नायूंवर परिणाम करतोच. तो परिणाम ‘कष्टा’चा आहे की चुरचुरण्याचा, हे वेगळे काढायचे साधन त्यांच्याकडे नव्हते.

डोळ्यांचे काम, डोक्याचे काम

गुंत्याचा पहिला धागा सुटला तो वेगळ्याच प्रयोगातून. १९५१ साली जी. सी. ड्रू यांनी लोकांना एका सरकत्या वळणदार रेषेचा हाताने माग काढायला लावले. रेषेची वळणे जशी बिकट, तशा पापण्या कमी लवत. सोपा तुकडा आला की लवत. मोटार चालवतानाही हेच: गर्दीत कमी, मोकळ्या रस्त्यावर जास्त. ज्या क्षणी नजर हटवणे परवडत नाही, त्या क्षणी पापणी आवरली जाते. ही गोष्ट लकीश यांच्या निष्कर्षाच्या नेमकी उलट आहे.

यातून पुढे दोन प्रकारच्या भारांची फारकत आली. नजरेने माहिती घ्यायचे काम वाढले की उघडझाप घटते. नजरेशी संबंध नसलेले, डोक्यातल्या डोक्यात चालणारे काम वाढले की ती वाढते. नेदरलँड्समध्ये फेल्टमन आणि गेलार्ड यांनी १९९० च्या दशकात विमानोड्डाणाच्या सिम्युलेटरमध्ये वैमानिकांवर प्रयोग केले. पाहण्याचे काम वाढले तेव्हा दोन उघडझापांमधले अंतर वाढले आणि पापणी मिटून राहण्याचा काळ घटला. उड्डाणाच्या जोडीला कानावर पडणारी अक्षरे लक्षात ठेवण्याचे काम दिले, तेव्हा मात्र अंतर कमी झाले. स्पेनमध्ये रेकार्टे आणि सहकाऱ्यांनी २००८ साली हे दोन भार एकाच प्रयोगात आमनेसामने आणले. दोन्ही भारांनी बाहुली मोठी झाली, म्हणजे श्रम दोन्हींत होते. पापणी मात्र एका भाराने जास्त लवली, दुसऱ्याने कमी. बाहुली श्रम किती हे सांगते, पापणी ते श्रम कुठे चालले आहेत हे सांगते, असे यावरून म्हणावेसे वाटते.

म्हणावेसे वाटते, पण एवढ्यावर थांबता येत नाही. फेल्टमन आणि गेलार्ड यांनीच एक शंका उपस्थित केली. अक्षरे लक्षात ठेवताना माणूस ती मनातल्या मनात पुटपुटतो. ओठ, जीभ, चेहरा यांची ही अस्फुट हालचाल पापणीला ओढून घेत असेल, तर वाढलेला दर स्मृतीचा नसून पुटपुटण्याचा आहे. तोंडी हिशेबालाही हीच शंका लागू पडते.

त्यात विरुद्ध पुरावाही आहे. हॉलंड आणि टार्लो यांनी १९७२ साली लोकांना अंक लक्षात ठेवायला दिले. पाहण्यासारखे समोर काही नव्हते, तरी जितके अंक जास्त तितक्या पापण्या कमी लवल्या. १९७५ सालच्या लेखात त्यांनी सुचवले की पापणी लवल्याने डोक्यात धरून ठेवलेल्या गोष्टींत व्यत्यय येतो, म्हणून मेंदू ती आवरून धरतो. लील आणि व्राय यांनी २००८ साली खोटे बोलणाऱ्यांच्या पापण्या पाहिल्या. खोटे बोलत असताना त्या कमी लवल्या आणि बोलून झाल्यावर जास्त. पाँडर-केनेडींच्या साक्षीदाराशी हे जुळत नाही. तिथली भीती आणि इथली जुळवाजुळव यांचे परिणाम वेगळे असावेत, हा खुलासा शक्य आहे. त्यामुळे नुसत्या पापण्या पाहून कोणी खोटे बोलतो आहे असे ठरवणे धोक्याचे आहे, हे मात्र दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवल्यावर स्पष्ट होते.

सर्वांत ताजी भर माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातून २०२५ साली आली. तिथे लोकांना पार्श्वभूमीच्या कमी-जास्त गोंगाटात वाक्ये ऐकवली. वाक्य सुरू असताना उघडझाप घटली, वाक्याच्या आधी आणि नंतर ती जास्त होती; गोंगाट वाढून ऐकणे कठीण झाले तशी घट अधिक ठळक झाली. खोली अंधारी, मध्यम उजेडाची की लख्ख, याने फरक पडला नाही. काम कानाचे, नजरेला काही मिळवायचे नाही, तरी पापणी थांबली. ‘नजरेचे काम असेल तर कमी, डोक्याचे असेल तर जास्त’ ही सुटसुटीत फारकत इथे अपुरी पडते. फरक कदाचित आत घेण्याचा आणि आत घेतलेल्यावर काम करण्याचा असावा. बाहेरून काही निसटते येत असेल, मग ते डोळ्यांनी येवो की कानांनी, तर पापणी थांबते. ते हाती आले आणि मंथन सुरू झाले की लवते. हॉलंड-टार्लो यांचे अंक मात्र या खुलाशातही पूर्ण बसत नाहीत.

पापणी लवण्याचा क्षण

मिनिटाला किती, एवढेच मोजत राहिल्याने हा वाद लांबला असे माझे मत आहे. कारण तेच काम करताना पापणी केव्हा लवते, हे पाहिले की चित्र कितीतरी स्वच्छ होते. १९४५ साली, लकीश-टिंकर वाद ऐन भरात असताना, आर्थर हॉल यांनी ब्रिटिश नेत्रवैद्यक नियतकालिकात एक शांत निरीक्षण नोंदवले. वाचकाच्या पापण्या वाटेल तिथे लवत नाहीत; विरामचिन्हापाशी, पान उलटताना लवतात. हे निरीक्षण बरीच वर्षे बाजूला पडून होते.

सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले जॉन स्टर्न यांनी त्याला सिद्धान्ताचे रूप दिले. १९८४ सालच्या त्यांच्या आढाव्यात ‘आतून येणारी’ उघडझाप ही संज्ञा रुजली. त्यांच्या मते मेंदू माहितीचा एक घास घेईपर्यंत पापणी रोखतो आणि घेऊन झाल्यावर सोडतो. नजर एका ठिकाणाहून दुसरीकडे उडी मारते तेव्हा, किंवा निर्णय होऊन उत्तर दिले जाते तेव्हा पापणी लवण्याचा संभव वाढतो. सीगल, इचिकावा आणि स्टाइनहॉवर यांनी २००८ साली बाहुलीची नोंद सोबत घेऊन दाखवले की उघडझापेची दाटी मानसिक श्रमाच्या आधी आणि नंतर असते; मधल्या ऐन श्रमाच्या काळात ती विरळ होते. हे लक्षात घेतले की जुन्या परस्परविरोधी निष्कर्षांपैकी काहींचा उलगडा होतो. छोटी छोटी अवघड कामे एकामागून एक दिली तर दोन कामांच्या फटीत पापण्या लवतील आणि मिनिटाचा आकडा फुगेल. एकच लांबलचक काम दिले तर आकडा घसरेल. श्रम तेवढेच.

जपानच्या तामामी नाकानो आणि सहकाऱ्यांचा २००९ सालचा प्रयोग या क्षेत्रात सर्वांत देखणा आहे. त्यांनी प्रेक्षकांना ‘मिस्टर बीन’ची मूक विनोदी फीत दाखवली. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळे बसून पाहिलेल्या प्रेक्षकांच्या पापण्या बऱ्याचदा एकाच क्षणी लवल्या. मैफलीत समेवर सगळ्यांच्या माना एकदम डोलाव्यात, तसे. एखादी कृती संपली, पात्र पडद्याबाहेर गेले, तेच दृश्य पुन्हा आले, अशा कमी महत्त्वाच्या जागा प्रत्येकाने नकळत हेरल्या होत्या. मत्स्यालयाची कथाविरहित फीत पाहताना, किंवा गोष्ट नुसती ऐकताना असा मेळ दिसला नाही. पुढे त्यांना आढळले की बोलणाऱ्याच्या चेहऱ्याची चित्रफीत पाहताना श्रोत्याची पापणी वक्त्याच्या पापणीपाठोपाठ, बोलण्यातल्या विरामाशी लवते.

२०१३ साली याच गटाने मेंदूची प्रतिमा घेत हा प्रयोग पुढे नेला. पापणी लवताच बाहेर लक्ष देणाऱ्या भागांची हालचाल क्षणभर मंदावते आणि स्वस्थपणी, मनाच्या आतल्या विचारात जागे असणाऱ्या भागांची वाढते. तेवढाच वेळ पडदा काळा केला तर असे होत नाही. म्हणजे लक्ष सोडून पुन्हा धरण्याशी पापणीचा संबंध आहे. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातला २०१० सालचा निष्कर्ष याला पूरक आहे: वाचताना मन भरकटते तेव्हा पापण्या जास्त लवतात. येलमध्ये २०११ साली दोन वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात स्वमग्न मुले आणि इतर मुले एकाच चित्रफितीत वेगवेगळ्या जागी पापण्या आवरताना दिसली. ज्याला जे महत्त्वाचे वाटते, तिथे त्याची पापणी थांबते. बोलून सांगू न शकणाऱ्या बालकाला काय मोलाचे वाटते, हे कळण्याची ही वाट मला फार मोलाची वाटते.

उजेड, हवा आणि पडदा

पाहण्याच्या परिस्थितीचा प्रश्न तीन भागांत विभागावा लागतो: उजेड, डोळ्याच्या पृष्ठभागाची स्थिती आणि माध्यम.

उजेडाचा थेट परिणाम समजतो त्याहून कमी आहे. पाँडर-केनेडींचा अंधार आणि कॉन्कॉर्डियाची अंधारी खोली या शतकाच्या दोन टोकांवरच्या नोंदी इथे जुळतात. चकाकीचा परिणाम मात्र वाकड्या वाटेने होतो. डोळे दिपले की आपण ते किलकिले करतो. अमेरिकेतल्या शीडी आणि गौरीशंकरन यांच्या गटाने २००५ साली दाखवले की डोळे किलकिले केल्यानेच उघडझाप घटते. लकीश यांना चकाकीत वाढ दिसली, इथे घट दिसते. वाचक किलकिले करतो की नाही, याची नोंद जुन्या मोजणीत नसे.

पृष्ठभागाच्या बाबतीत पाँडर-केनेडींचा निष्कर्ष आज जसाच्या तसा धरता येत नाही. १९९७ साली नाकामोरी, त्सुबोता आणि सहकाऱ्यांनी उलट टोकाची भूमिका घेतली: उघडझापेचे नियंत्रण मुख्यतः डोळ्याच्या पृष्ठभागाकडेच आहे. डाउटी यांच्या गटाने २००५ साली डोळ्याला भूल देऊन पाहिले. उघडझाप कमी झाली, पण थांबली नाही. हा निष्कर्ष मला समतोल वाटतो. पृष्ठभागाचा संदेश मेंदूला एक किमान दर पाळायला लावतो आणि काम, लक्ष, बोलणे हे त्या दराला वरखाली ओढतात. कोरडी हवा, पंख्याचा थेट झोत, कॉन्टॅक्ट लेन्स यांनी तो किमान दर वाढतो. एकाग्रता प्रबळ असेल तर ती या मागणीलाही काही काळ गप्प करते, आणि मग डोळे चुरचुरतात.

याचे रोजच्या जगण्यातले उदाहरण म्हणजे संगणक आणि मोबाइल. काझुओ त्सुबोता आणि नाकामोरी यांनी १९९३ साली १०४ कार्यालयीन कर्मचाऱ्यांची मोजणी प्रसिद्ध केली. विश्रांतीत मिनिटाला २२, पुस्तक वाचताना १०, पडद्यावर वाचताना ७. पडदा पापणी विसरायला लावतो, ही समजूत या आकड्यांनी पक्की झाली. न्यूयॉर्कमध्ये मार्क रोझेनफिल्ड यांच्या गटाने २०१४ साली तीच गोष्ट जास्त काटेकोरपणे तपासली. मजकूर तोच, अक्षरांचा आकार तोच, अंतर आणि पाहण्याचा कोनही तोच. एकदा कागदावर, एकदा पडद्यावर. दरात लक्षणीय फरक नव्हता, मिनिटाला चौदाच्या आसपास दोन्हीकडे. फरक होता तो अर्धवट मिटण्यात: पडद्यावर सुमारे सात टक्के वेळा पापणी पूर्ण खाली आली नाही, कागदावर सुमारे चार टक्के. पुढच्या वर्षी त्यांनी दाखवले की दर बदलतो तो कामाच्या बौद्धिक अवघडपणाने, माध्यमाने नव्हे.

दोन्ही अभ्यास बरोबर असू शकतात. प्रत्यक्ष कार्यालयात पडदा समोर उभा असतो, नजर सरळ राहते, डोळा जास्त उघडा राहतो आणि उघडा पृष्ठभाग वाढतो. पुस्तक खाली धरले जाते, तेव्हा वरची पापणी आपसूक अर्धी उतरते. प्रयोगशाळेत कोन समान केला की हा फरक नाहीसा होतो. म्हणून दोष पडद्याच्या प्रकाशात शोधण्यापेक्षा पडदा नजरेच्या खालच्या पातळीवर ठेवणे आणि पापणी पूर्ण मिटण्याची सवय लावणे, या सल्ल्यांना आधार जास्त आहे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर पाहावे, या सर्वत्र सांगितल्या जाणाऱ्या नियमाचा पुरावा संमिश्र आहे. २०२२ सालच्या एका अभ्यासात आठवण करून दिल्याने तक्रारी कमी झाल्या, तर रोझेनफिल्ड यांच्या २०२३ सालच्या अभ्यासात वीस सेकंदांच्या विश्रांतीचा लक्षणीय लाभ दिसला नाही. नियम अपायकारक नाही, पण त्यातले आकडे सोयीचे आहेत, मोजून काढलेले नाहीत.

मिटल्या डोळ्यांतला मेंदू

दिवसातून हजारो वेळा जग अंधारते, तरी आपल्याला ते जाणवत नाही. का, हे १९८० साली फ्रान्सिस व्होल्कमन, लॉरिन रिग्ज आणि रॉबर्ट मूर यांनी विलक्षण युक्तीने दाखवले. त्यांनी प्रकाशतंतू तोंडात ठेवून टाळूच्या बाजूने दृष्टिपटलावर उजेड पोचवला. पापणी मिटली तरी हा उजेड अडत नाही. तरीही पापणी लवण्याच्या सुमारास त्यातला बदल ओळखण्याची क्षमता घटली, आणि ही घट पापणी बाहुलीपर्यंत पोचण्याआधीच सुरू झाली. मेंदू पापणीला आज्ञा देतानाच स्वतःची दृष्टी थोडी मंद करतो.

यावरून उघडझाप म्हणजे पाहण्यातला तोटा, असे मानले जाई. २०२४ साली रॉचेस्टरच्या मिकेले रुच्ची यांच्या गटाने वेगळी बाजू मांडली. पापणी उघडते तेव्हा दृष्टिपटलावर प्रकाशाचा एकदम उसळणारा बदल होतो आणि त्यामुळे दृश्यातली ढोबळ रचना ओळखायला मदत होते. तसे असेल तर वरकड उघडझापेचा एक हेतू खुद्द पाहण्यातच सापडतो. हा निष्कर्ष अजून नवा आहे. इतर प्रयोगशाळांतून त्याची पडताळणी व्हायची आहे.

डोपामाइनचा धागा

पार्किन्सन आजारात पापण्या कमी लवतात, स्किझोफ्रेनियात अनेकदा जास्त. यावरून क्रेग कार्सन यांनी १९८३ साली उघडझापेचा दर मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाशी जोडला. ही कल्पना इतकी सोयीची होती की पुढे कित्येक अभ्यासांत पापण्या मोजून डोपामाइनचा अंदाज बांधला गेला. २०१७ आणि २०१८ साली निरोगी प्रौढांच्या मेंदूच्या पीईटी चित्रणातून तपासणी झाली, तेव्हा अपेक्षित संबंध आढळला नाही. आजारातली नोंद खरी आहे. निरोगी माणसात तिचा माप म्हणून वापर करता येत नाही, असे सध्या म्हणावे लागते.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न मोजणीचा आहे. अर्धवट मिटलेली पापणी धरायची की नाही? लागोपाठ दोनदा लवली तर एक की दोन? कॅमेरा, डोळ्याभोवतीचे विद्युदग्र आणि समोर बसलेला निरीक्षक यांचे आकडे वेगळे येतात, आणि जुन्या-नव्या अभ्यासांची तुलना तिथेच अडते. दुसरा प्रश्न व्यक्तिभेदाचा. एका माणसाचा नेहमीचा दर पाच आणि दुसऱ्याचा तीस असेल, तर सरासरीतला दोनाचा फरक काय सांगतो? बदल त्याच माणसाच्या स्वतःच्या दराशी ताडून पाहणे एवढाच भरवशाचा मार्ग दिसतो. तिसरा, अस्फुट पुटपुटण्याचा. तोंड पूर्ण स्थिर ठेवून केलेल्या मानसिक कामात उघडझाप वाढते का, याचे निर्णायक उत्तर मिळाले तर टेलफर्डपासूनच्या निष्कर्षांची फेरमांडणी करावी लागेल.

या प्रश्नांना आता व्यावहारिक निकड आली आहे. मोटारींतले कॅमेरे चालकाच्या पापण्यांवर नजर ठेवतात. झोपेचा इशारा देण्याच्या बाबतीत ते काम बरे होते, कारण तिथे मोजली जाते ती पापणी किती वेळ आणि किती खाली राहिली ती; १९९० च्या दशकात रूढ झालेल्या मापात पापणी ऐंशी टक्क्यांहून अधिक मिटलेली असल्याचा काळ धरतात. पेंगुळलेली पापणी संथ आणि लांब मिटते, तिची गल्लत होणे कठीण. पण तोच कॅमेरा ‘लक्ष आहे की नाही’, ‘डोक्यावर भार किती’ हेही सांगेल असे दावे होऊ लागतात, तेव्हा वर मांडलेला सगळा वाद त्या यंत्रात जातो. चालक कमी पापण्या लववतो आहे तो गर्दीतल्या रस्त्यावर नजर रोखल्यामुळे, ऊन डोळ्यांवर येऊन डोळे किलकिले केल्यामुळे की बातम्या कान देऊन ऐकत असल्यामुळे? आजच्या पुराव्यावर या तिन्ही गोष्टी नुसत्या आकड्यातून वेगळ्या काढता येत नाहीत. त्यासाठी त्याच व्यक्तींवर उजेड, हवेचा कोरडेपणा, नजरेचे काम आणि डोक्यातले काम हे चारही एकेक करून आणि एकत्र बदलणारे, प्रत्येक उघडझापेचा क्षण आणि पूर्णता नोंदवणारे प्रयोग हवेत. आतापर्यंतचे बहुतेक प्रयोग यांपैकी एक किंवा दोनच गोष्टी बदलतात.